काठी दाराबाहेर

काशिनाथ भुवड आभारी माणूस होता. इतका आभारी, की कधीकधी त्याचा राग यावा. बसमध्ये कुणा पठाणाने जरा सरकून जागा दिली, तर हा उतरेपर्यंत त्याच्याकडे बघून मान डोलवत बसायचा, आणि तो बिचारा अस्वस्थ होऊन खिडकीबाहेर बघायला लागायचा. गुहागरकडच्या गावातून सुतार म्हणून कुवेतला आला, त्यानंतर त्याने कुणाला नाव ठेवलेलं खोलीतल्या एकानेही ऐकलं नव्हतं. कुवेतच्या खैतान वस्तीतली ती खोली त्यांच्या गावाचीच. गावाकडून जो येईल त्याला तिथे गादी मिळायची आणि भाताच्या टोपात त्याच्या वाटणीचे तांदूळ पडायचे. काशिनाथ त्या भाताचेही आभार मानायचा. आता बोला!

दोन हजार आठ साली एका अमेरिकन कंत्राटदाराच्या गोदामावर काम करताना तो परांचीवरून खाली आला. जिवावरचं पायावर निभावलं, पण पायाचा पार चुराडा झाला. गुडघ्याची अवस्था बघून बाकीचे डॉक्टर म्हणाले, पाय काढावा लागेल. तिथे डॉक्टर बिल्कीस आडवी आली. लखनौकडची बाई, किरकोळ अंगाची, चष्मा नाकाच्या शेंड्यावर. ती म्हणाली, "एक कोशिश तो करने दीजिए." पुन्हा पुन्हा ऑपरेशनं केली, सळया घातल्या, आणि पाय वाचवला.

त्या दिवसापासून डॉक्टर बिल्कीस म्हणजे काशिनाथला देवीच्या ठिकाणी. आणि घोटाळा झाला तो इथेच.

देवीपुढे माणूस काय घेऊन जातो? हात जोडून जातो, चपला बाहेर काढून जातो. काशिनाथ तपासणीला गेला की डॉक्टरीणबाईच्या केबिनबाहेर चपला काढायचा, आणि चपलांशेजारी भिंतीला आपली काठीही टेकवून ठेवायचा. त्यांच्या गावात मोठ्या माणसासमोर काठी टेकत जाणं म्हणजे उर्मटपणा. मग भिंतीला हात लावून, दातांखाली ओठ दाबून तो आत जायचा आणि डॉक्टरीणबाईने मान वर करायच्या आत खुर्चीत बसलेला असायचा. चेहऱ्यावर हसू.

"कैसे हो, काशिनाथभाई?"

"एकदम बेस्ट, डॉक्टरीणबाई. तुमारी मेहेरबानी."

"दर्द?"

"बिलकुल नहीं."

बाईच्या दाराशी पेशंटांची ही रांग. ती गुडघा वाकवून बघायची, हा हसतच राहायचा, आणि ती कागदावर लिहायची: वेदना नाही, आधाराशिवाय चालतो. रात्री खोलीत हाच माणूस उशी तोंडात धरून कण्हत पडायचा. गावाकडे बायकोचा, नर्मदाचा फोन आला की तिलाही सांगायचा, "पाय काय, लोखंड हाय आता."

वर्षभराने अपघाताच्या भरपाईची केस मिटवायची वेळ आली, तसं त्याला सलव्यातल्या ऑफिसातून बोलावणं आलं. एका व्हिलाच्या तळमजल्यावरचं ते विमा एजंटाचं ऑफिस. तिथे नाशिकची प्रणिता असल्या केसांचं काम बघायची. नवरा पेट्रोकेमिकलमध्ये इंजिनिअर, ही दिवसभर जखमी माणसांच्या फायली घेऊन कॉम्प्युटरसमोर. बोलायला फटकळ, पण मनाने लख्ख. काशिनाथला खोलीतला शत्रुघ्न आपल्या गाडीतून घेऊन आला होता. शत्रुघ्न त्याचा चुलत चुलत भाऊ, एका बाकाल्यात, म्हणजे वाण्याच्या दुकानात, कामाला. तो बाहेर गाडीतच थांबला.

प्रणिताने स्क्रीन काशिनाथकडे वळवली. "दादा, नीट ऐका हं. पुढे आयुष्यभर या पायावर जो औषधपाण्याचा खर्च येईल, तो विमा कंपनी आत्ताच वेगळा काढून ठेवते. तो कशाकशासाठी लागेल ते लिहून प्रस्ताव पाठवायचा. पूर्वी टपालाने जायचा, आता हे पोर्टल आलंय. इथे सगळे कागद चढवायचे, तिकडे अमेरिकेत कुणीतरी तपासतं. मंजूर झालं की केस बंद. कायमची. मग तुमचा पाय दुखो की मोडो, कुणी विचारणार नाही."

"बरं," काशिनाथ म्हणाला.

"तुमच्या कागदांवर पुढचा काही उपचारच नाही. डॉक्टर म्हणतात वेदना नाही, आधाराशिवाय चालता. म्हणजे पुढच्या खर्चाच्या रकान्यात शून्य जाणार. चालेल ना?"

"चालंल की. तुमी कराल तां बराच कराल, मॅडम. लय उपकार झाले."

बघा! आयुष्याच्या उपचारावर पाणी सोडायला सांगितलं, आणि हा आभार मानतोय.

सहीचा कागद प्रिंटरवर पाठवून प्रणिता उठली. प्रिंटर होता बाहेर, बोळात. ती दारातून बाहेर पडली आणि कशाला तरी अडखळून आडवी होता होता वाचली. खाली बघते, तर नीट जोडीने ठेवलेल्या चपला, आणि त्यांच्याजवळ घरंगळलेली एक काठी. खालचं रबर पार झिजलेलं. रबर असं एका दिवसात झिजत नाही, हे तिला फायलींमधून चांगलं माहीत होतं.

कागद प्रिंटरवरच राहिला. ती काठी घेऊन आत आली.

"काशिनाथदादा, ही तुमची?"

काशिनाथने मान खाली घातली, चोरी पकडली गेल्यासारखी. "जरा आधाराला असते कधीकधी."

"उभे राहा बघू. जा दारापर्यंत, आणि भिंतीला हात लावू नका."

तो उठला. दोन पावलं गेला आणि टेबलाची कड धरून थांबला. कपाळावर घाम. प्रणिता अशी चिडली, की शेजारच्या केबिनमधला माणूस डोकावून गेला. "हे डॉक्टरांना का नाही सांगितलंत? एवढा मोठा माणूस, मूग गिळून बसलात?"

"कसा सांगू, मॅडम?" काशिनाथ कळवळून म्हणाला. "सगळी पाय कापूया म्हणत होती. त्या बायनं वाचवला. माझ्या पायासाठी ती जेवली नाय की झोपली नाय. आता तिच्याच तोंडावर सांगू, की बाय, तुझा काम चांगला झाला नाय? कोणी आपल्याला पोटभर वाढला, नि आपण ताटावर बसून म्हणायचा मीठ कमी हाय? माझ्यान् नाय व्हायचा."

प्रणिताचा राग थोडा उतरला. ती शांतपणे म्हणाली, "दादा, मला दिसलं म्हणून मी लिहू शकत नाही. पोर्टलवर माझ्या शब्दाला किंमत नाही, डॉक्टरांच्या कागदाला आहे. तुमचा व्हिसा संपत आलाय. गुरुवारी मला हा प्रस्ताव चढवावाच लागेल. त्याआधी डॉक्टर बिल्कीसचा नवा रिपोर्ट आणा. नाही आणलात, तर शून्य जाईल. आणि शून्य गेलं की गेलं."

काशिनाथने काठी घेतली, दारात दोन्ही हातांनी प्रणिताला नमस्कार केला, आणि गाडीत बसल्यावर शत्रुघ्नला म्हणाला, "जांव दे शून्य. आपल्याला काय कमी हाय?"

शत्रुघ्नने गाडी सुरूच केली नाही. काशिनाथ चपला घालून सावकाश येईपर्यंत प्रणिता पुढे गाडीपाशी येऊन त्याला सगळं सांगून गेली होती.

"कमी काय हाय सांगू?" तो म्हणाला. "रोज रातचा तू कण्हतोस तां आमी सगळी ऐकताव. संडासात जाताना तू बादली धरतोस, दार धरतोस, तां पण दिसताय. आमी बोलत नाय, तुला वाईट वाटंल म्हणून. पण गावाला गेल्याव काय? पाखाडीची चढण कोण चढवणार तुला? नर्मदावैनीच ना? पाय पार कामातना गेला, की मुंबैला नेऊन ऑपरेशन कशान् करायचा, तिची पाटली मोडून? डॉक्टरणीचे उपकार तुझ्यावर, काशिनाथ. ते वैनीनं कशाला फेडायचे?"

एवढ्या वर्षांत शत्रुघ्न त्याच्याशी असं कधी बोलला नव्हता. स्वतःचं दुखणं त्याने स्वतःच्या अंगावर घेतलं होतं, ते ठीक. पण ते पुढे तिच्या अंगावर जाणार, हे त्याने कधी मनाशी आणलंच नव्हतं. खैतानला पोचल्यावर जिना चढताना काशिनाथ म्हणाला, "बुधवारची सुट्टी घे. हास्पिटलात जाऊया."

बुधवारी केबिनच्या दाराशी त्याने चपला काढल्या. काठी भिंतीला टेकवायला हात सवयीने पुढे झाला. तो थांबला. मग मनातल्या मनात देवीची क्षमा मागून काठी टेकत टेकत आत गेला. टक, टक, टक.

डॉक्टर बिल्कीसने मान वर केली. काठीकडे बघितलं, मग त्याच्या तोंडाकडे.

"ये क्या है?"

"डॉक्टरीणबाई, माफ करना," काशिनाथ म्हणाला, आणि पुढचं हिंदी त्याला आठवेना. "दुखता है. लय दुखता है. रात को निंद नहीं आती. जिना चढा नहीं जाता. पैले से दुखता है. मैं झूट बोला."

एवढं बोलला आणि लहान पोरासारखा रडायला लागला. दुखण्यासाठी नाही हो. आता बाईला काय वाटेल, या धास्तीने.

बाईने चष्मा काढून टेबलावर ठेवला. मग तिने त्याला चालवलं, पायरीवर चढवलं, वाकवलं, झोपवून गुडघा दाबला. दर वेळी विचारलं, "यहाँ? और यहाँ?" आणि दर वेळी काशिनाथने खरं सांगितलं. तपासून झाल्यावर तिने फाईल उघडून आपल्याच जुन्या नोंदी चाळल्या. काशिनाथला वाटलं, आता ही आपल्याला हाकलून देणार.

"साल भर से मैं लिख रही हूँ कि तुम ठीक हो," ती शेवटी म्हणाली. "साल भर इलाज हो सकता था, भाई. तुमने मुझे मौक़ा ही नहीं दिया."

"तुमको बुरा लगेगा करके..."

"बुरा तो अब लग रहा है!" ती कडाडली. मग स्वतःच हसली, डोळे पुसले आणि खुर्ची पुढे ओढली. "दर्द बताना शिकायत नहीं होती, काशिनाथभाई. डॉक्टर से और क्या बात करोगे, मौसम की? आज आके बताया, इसका शुक्रिया."

काशिनाथ चक्रावला. ज्या बाईचे आभार मानता मानता त्याने स्वतःचा पाय मातीत घालायला काढला होता, तीच आज त्याचे आभार मानत होती, आणि तेही तक्रार केल्याबद्दल. त्याला इतकं हलकं वाटलं, की दुखत्या पायाचाही क्षणभर विसर पडला.

तिने गुडघ्याचा नवा एक्स-रे काढायला लावला, आणि जेवणाची सुट्टी न घेता रिपोर्ट लिहून काढला.

गुरुवारी प्रणिता सकाळपासून प्रस्तावामागे लागली. पोर्टल आधी एक्स-रे घेईना, फाईल मोठी आहे म्हणे. तिने फाईलचे तुकडे केले. मग सही पुसट दिसते म्हणून लाल अक्षरं आली. तिने पुन्हा स्कॅन केलं. मध्येच इंटरनेट गेलं, तेव्हा तिने कुणाच्या नावाने बोटं मोडली ते विचारू नका. काशिनाथ समोर बसून स्क्रीनवरची निळी पट्टी हळूहळू पुढे सरकताना बघत होता. त्याच्यासाठी एवढी माणसं एवढी खटपट करतायत, म्हणून तो त्या पट्टीलाही मान डोलवत होता. संध्याकाळी ऑफिस बंद व्हायच्या जरा आधी हिरवी खूण उमटली.

मग नुसती वाट बघणं. नवीन रिपोर्ट जुन्याच्या अगदी उलटा, तिकडच्यांना तो खोटा वाटला तर? काशिनाथचा जीव टांगणीला लागला. तिकडून एकदा खुलासा मागवला, तेव्हा डॉक्टर बिल्कीसने उत्तर पाठवलं: माझा पेशंट सभ्यपणामुळे दुखणं लपवत होता, आधीची नोंद मी तपासणीत कमी पडल्यामुळे झाली. प्रणिताने ते मराठीत करून सांगितलं, तेव्हा काशिनाथला ऐकवेना. बाईने चूक स्वतःच्या अंगावर घेतली होती.

व्हिसा संपायच्या आठवड्यात प्रणिताचा फोन आला, "दादा, या लवकर." ती ऑफिसच्या पायरीवरच उभी होती. त्याला खुर्चीत बसवून तिने वाचायला सुरुवात केली: औषधं मंजूर, चिपळूणला व्यायामाचे उपचार मंजूर, पुढेमागे लागणारं गुडघ्याचं ऑपरेशन मंजूर.

"ह्यां सगळा किती दिवस देतील?" काशिनाथने घाबरत विचारलं.

"दिवस कसले? तुम्ही असेपर्यंत. प्रस्तावात माणूस किती वर्षं जगेल ते धरावं लागतं. त्यांनी तुम्हाला वयाच्या त्र्याहत्तर वर्षांपर्यंत धरलंय."

"मला?"

"तुम्हाला."

काशिनाथच्या बापाने पन्नाशी बघितली नव्हती, आज्याने तर चाळीसही नाही. परांचीवरून पडताना त्याला वाटलं होतं की आपलंही संपलं, आणि त्यानंतरचा प्रत्येक दिवस तो फुकटचा मिळाला म्हणून जगत होता. म्हातारपण आपल्या वाट्याला असतं, हे त्याच्या घरात कुणी धरूनच चाललेलं नव्हतं. आणि इथे त्याचं तोंडही न पाहिलेल्या माणसांनी त्याच्या साठीची, सत्तरीची औषधं आत्ताच बाजूला काढून ठेवली होती.

त्याने तिथूनच गावाला फोन लावला. नर्मदा धावत आली असावी, धापा टाकत होती.

"काय वो? काय झाला?"

"नर्मदे," तो म्हणाला, आणि रडता रडता हसायला लागला, "अगो, मी म्हातारा होणार हाय!"

पलीकडून नाक ओढल्याचा आवाज आला.

"मग? मी काय एकटीच म्हातारी व्हायची होते?"