माझ्यावर जे लिहिले, त्याचे नाव

मित्रांनो, या गल्लीत लहानाचे मोठे झालेल्या बहुतेकांनी मला कधी ना कधी ढकलले आहे. कोणी हाताने, कोणी खांद्याने, आणि दोन्ही हात भरलेले असले तर सरळ पायाने. बटणांच्या दुकानाचे निळे लाकडी दार मीच. आता माझे वय झाले, पावसाळी हवेत फुगतो आणि चौकटीत अडतो, पण त्याची तक्रार नाही. माझ्या आयुष्यात एक गोष्ट घडली, ती बिजागऱ्या निखळण्याआधी तुम्हाला सांगून टाकावी असे मनात आहे.

माझा जन्म पलीकडच्या चौकातल्या सुताराकडे झाला. दुकानाचे मालक, ज्यांना सगळे आजोबा म्हणत, मला बघायला आले आणि नाराजीने मान हलवू लागले.

"काच खाली घ्या. माझी निम्मी गिऱ्हाइकं कमरेएवढी असतात."

"दार बेढब दिसेल," सुतार म्हणाला.

"दिसू दे. पोरांना आतलं दिसलं पाहिजे."

सुताराने कपाळाला आठ्या घातल्या, पण काच खाली घेतली. त्या काचेला नाक लावून किती मुलांनी आतल्या बरण्या पाहिल्या! शिंपल्याची बटणे, पितळी बटणे, चामड्याची, लाकडी, आणि एका बरणीत नुसती एकटी उरलेली, ज्यांचा जोड जगात कुठेच नाही अशी. आजोबा गेले, मग त्यांची मुलगी गल्ल्यावर बसू लागली. मुलांनी तिचे नाव ठेवले बटणताई. दुकान शनिवारी बंद असे, कारण हे कुटुंब ज्यू होते. गल्लीत ते सर्वांना ठाऊक होते. शनिवारी बटण तुटले तर रविवारपर्यंत टाचणीवर भागवावे लागते, यापलीकडे त्याचे कोणाला काही वाटत नसे.

निदान मला तसे वाटत होते.

ज्या वर्षी ही गोष्ट घडली, त्या वर्षी दूरच्या एका देशात युद्ध पेटले होते. तो देश ज्यूंचा म्हणून ओळखला जात होता. बेकरीत, पायऱ्यांवर, दूध आणायला जाताना सगळे त्याच विषयावर बोलत. बटणताई मात्र फार बोलत नसे. माझा रंगही तेव्हा पापुद्र्यांसारखा सुटत चालला होता. "जरा निवांत झालं की रंगवू," असे ती म्हणे आणि निवांतपणा काही येत नसे.

एका सकाळी ताईची अकरा वर्षांची मुलगी चिमणी कुलूप उघडायला आली आणि माझ्यासमोर तशीच उभी राहिली. रात्रीतून कोणीतरी माझ्यावर डांबराने लिहून ठेवले होते: ज्यूंनो, चालते व्हा.

चिमणीने ते हळूच वाचले. मग आपल्या फ्रॉकच्या टोकाने पुसायला लागली. डांबर काही निघाले नाही, फ्रॉक मात्र वाया गेला. मित्रांनो, ऊन, थंडी, लाथा सगळे मी सोसले आहे. पण त्या दिवशी मला दार असल्याची लाज वाटली, कारण मला तोंड फिरवता येत नव्हते.

थोड्या वेळात माणसे जमली. पोलीस आला. भला माणूस होता, त्याच्या सदऱ्याला दोन बटणे ताईनेच लावून दिली होती. तो वहीत लिहू लागला आणि मोठ्याने म्हणाला, "दुकानाच्या दाराचं विद्रूपीकरण. खोडसाळपणा."

"तसं लिहू नका," ताई म्हणाली.

"मग काय लिहू?"

"ज्यूद्वेष लिहा."

पोलीस अवघडला. "ताई, शब्द फार मोठा आहे हो. असेल कोणा पोराटोराचा चावटपणा."

"बटणं विकणाऱ्यांनो चालते व्हा, असं लिहिलंय का? निळ्या दारवाल्यांनो, असं लिहिलंय का?" ताईचा आवाज चढला नव्हता, पण तिने चिमणीचा हात घट्ट धरला होता. "आमचं काही चुकलं म्हणून हे लिहिलेलं नाही. आम्ही ज्यू आहोत म्हणून लिहिलंय. जे आहे तेच लिहा, मी जास्त मागत नाही."

पोलिसाने पुन्हा एकदा माझ्याकडे पाहिले. मग आधीची ओळ खोडून ताईने सांगितलेला शब्द लिहिला.

तेवढ्यात बेकरीवाले काका पुढे आले. पिठाचे हात तसेच होते. "पेपरात याला अँटिसेमिटिझम म्हणतात," ते म्हणाले. "पण मला एक कळत नाही. माझे आजोबा अरबी बोलायचे. अरबीसुद्धा सेमिटिक भाषाच ना? मग त्या शब्दात आम्हीही आलोच की."

काकांच्या मनात खोट नव्हती. त्यांना खरोखरच कोडे पडले होते. उत्तर दिले ते वरच्या मजल्यावर राहणाऱ्या कॉलेजवालीने. ती भाषाशास्त्र शिकत होती आणि जिन्यातून उतरता उतरता थांबली होती.

"काका, तेल हा शब्द तिळावरून आला. तेल म्हणजे तिळाचंच, असा हिशोब होता. पण तुम्ही बेकरीत शेंगदाण्याचं तेल वापरता ना? त्यात तीळ कुठायत?"

काका हसले. "एकही नाही."

"शब्द कशापासून बनला आणि त्याचा अर्थ काय, या दोन वेगळ्या गोष्टी. सेमिटिक हे भाषांच्या घराण्याचं नाव, हे बरोबर. पण हा शब्द चालू केला दीडेकशे वर्षांपूर्वी ज्यूंचा द्वेष करणाऱ्यांनीच. आपला द्वेष शास्त्रीय वाटावा म्हणून त्यांनी जड नाव शोधलं. त्यांच्या डोळ्यांसमोर ज्यूच होते. म्हणून त्याचा अर्थ एकच, ज्यू म्हणून ज्यूंचा द्वेष."

"आणि आमच्या आजोबांना कोणी अरब म्हणून हाकललं तर?"

"तर तोही द्वेषच, काका. त्यालाही त्याचं नाव आहे आणि तेही एवढ्याच मोठ्याने घ्यायचं. पण दोघांना एका पोत्यात घातलं तर नक्की कोणाला लागलंय तेच कळत नाही."

काकांनी मान डोलावली आणि बेकरीतून गरम पाव आणून चिमणीच्या हातात दिला. तिने तो खाल्ला नाही, नुसता धरून ठेवला.

त्यानंतर बरेच दिवस दुकान उघडलेच नाही. ताईचा भाऊ, चिमणीचा मामा, आला तो सामान बांधायच्या तयारीनेच. "विकून टाक," तो म्हणाला. "आज दार आहे, उद्या काच फुटेल, परवा चिमणीच्या शाळेत काही होईल." डांबर झाकायला माझ्यावर तिने एक जुनी चादर ठोकली होती. त्या चादरीआड मी दिवस काढले. आतल्या बरण्यांवर धूळ साचली, आणि खिळे ओले होऊन माझ्या अंगात गंजू लागले.

मग एक दिवस कॉलेजवालीने समोरच्या खांबावर एक कागद चिकटवला. मामाने तो वाचला आणि तावातावाने परत आला.

"सापडली! तुझ्या डोक्यावर राहते आणि तुझ्याच विरुद्ध लिहिते. तीच ज्यूद्वेष्टी. दारावरही तिनेच लिहिलं असणार. मी आत्ता पोलिसांकडे जातो."

ताई रस्ता ओलांडून गेली. कागद शेवटपर्यंत वाचला, पुन्हा वाचला. परत आली तेव्हा मामा पायऱ्या उतरत होता. तिने त्याची बाही पकडली.

"युद्ध थांबवा, असं लिहिलंय तिने. त्या देशाच्या सरकारला, मंत्र्यांना दोष दिलाय. त्यातलं एक वाक्य मला अजिबात पटलेलं नाही, ते मी तिला सांगणार आहे. पण त्यात ज्यू वाईट असं कुठे आहे?"

"सगळं एकच आहे ते."

"एक नाही. सरकारला शिव्या घालणं वेगळं. सरकारचं नाव पुढे करून ज्यूंना शिव्या घालणारेही असतात, ते मला कळत नाही का? पण ही तसं करत नाहीये. शिवाय दारावर तिने लिहिलं याचा पुरावा काय तुझ्याकडे?"

मामाने बाही सोडवून घेतली.

"त्या दिवशी मी पोलिसाला म्हटलं, जे आहे तेच लिहा. आता मीच जे नाही ते लिहायला लावू? हा शब्द आपण कोणाच्याही अंगावर फेकत सुटलो, तर खरी वेळ येईल तेव्हा त्याला कोण विचारील?"

मामा पायरीवर बसला. शेवटी म्हणाला, "मला तुझी काळजी वाटते गं."

"मला माहितेय," ताई म्हणाली. आणि तिने ती चादर ओढून काढली. अक्षरे अजून तशीच होती. तिने मला तसेच, त्या अक्षरांसकट उघडले.

पहिले गिऱ्हाईक म्हणून आल्या त्या निवृत्त मास्तरीणबाई. ताईलाही त्यांनीच शिकवलेले. त्यांनी कोटाची बटणे निवडली, माझ्याकडे पाहून हळहळल्या, आणि जाता जाता म्हणाल्या, "पण बाळ, तुमच्या लोकांना सांग ना आता ते युद्ध आवरायला."

"कोणत्या लोकांना, बाई?"

"तिकडच्या गं, तुमच्या."

"तिकडे माझं कोण ऐकतंय? इथे ही चिमणीसुद्धा ऐकत नाही." ताई हसली, पण मग थांबली. मला दिसले, तिला बोलणे जड जात होते. "बाई, रागावू नका. त्या सरकारचा जाब तुम्ही मला विचारलात. बेकरीवाल्यांना नाही विचारलात, मलाच. मी ज्यू आहे म्हणून. दारावर ज्याने लिहिलं, त्यानेही हेच केलं."

बाईंचा चेहरा पडला. "मी? मी ज्यूद्वेष्टी?"

"तुम्हाला नाही म्हटलं मी. तुम्ही मला पाढे शिकवलेत. पण हे बोलणं तसं होतं."

बाई बटणे तिथेच ठेवून गेल्या. ताई गल्ल्यावर डोके टेकून बसली. मला वाटले, आता मामा म्हणतो तेच खरे होणार.

पुढच्या आठवड्यात बाई परत आल्या. कोट हातावर होता. "मी फार विचार केला," त्या म्हणाल्या. "एवढी वर्षं मुलांचे शब्द तपासले, स्वतःचे तपासायचे राहिले. चुकलं माझं." मग घसा खाकरून म्हणाल्या, "आणि ती बटणं जरा लावून दे. मला सुईत दोरा जात नाही."

ताईने दोरा ओवला. दोघीही त्यावर पुढे काही बोलल्या नाहीत, पण बाई चहा घेऊन गेल्या.

ज्याने माझ्यावर लिहिले तो कधीच सापडला नाही. हे मी लपवणार नाही. पण बाई येऊन गेल्या त्या आठवड्याच्या रविवारी बेकरीवाल्या काकांनी पत्र्याचा तुकडा आणि ब्रश आणले आणि डांबर खरवडायला सुरुवात केली. पोलीस सुट्टीच्या दिवशी साध्या कपड्यांत आला आणि घासकागद मारत बसला. रंगाच्या वेळी मामा बाहेरून लावत होता आणि कॉलेजवाली आतून. दोघे माझ्या दोन बाजूंनी त्या युद्धावर तावातावाने भांडत होते. तिच्या कागदातल्या त्या एका वाक्यावरून तर फारच. पण मामाने तिला पुन्हा ज्यूद्वेष्टी म्हटले नाही, आणि "तुमच्या लोकांनी" असे तीही एकदाही म्हणाली नाही. चिमणी मध्येच येऊन ब्रश बुडवून देत होती, दोघांनाही.

मित्रांनो, माझी देखभाल तुम्ही कराल, वर्षाआड रंग द्याल, याची मला खात्री आहे. माझे मागणे त्याहून थोडे अवघड आहे. कोणाच्या दारावर असे काही लिहिलेले दिसले तर त्याला चावटपणा म्हणून पुढे जाऊ नका. आणि कोणी तुमच्याशी नुसता वाद घातला, तर रागाच्या भरात त्याच्यावर हा शब्द चिकटवू नका. आधी थांबून वाचा, काय लिहिले आहे, कोणाला लिहिले आहे आणि का. मग जे घडले असेल त्याचे नाव घ्या. न घाबरता घ्या, आणि न फुगवता घ्या.