साखराबाईचं सूत

सटवाने मागावर धोटा फेकला आणि सवयीने थांबला. ताण्यातला एकही उभा धागा तुटला नाही. त्याने पुन्हा फेकला. सकाळपासून वीतभर घोंगडी विणून झाली होती आणि एकही गाठ मारावी लागली नव्हती.

सूत त्याच्या बायकोनेच, साखराबाईने कातलेलं होतं. तिला जाऊन सोळा दिवस झाले होते.

चैत्रात तिला दम लागायला लागला, तेव्हा मुलाने, भागवतने, खोलीतला कूलर काढून एसी बसवला. तिची खाट तिथेच, सटवाचा मागही तिथेच. तेव्हापासून सूत तुटायला लागलं. चाळीस वर्षं बायकोच्या सुताला नाव ठेवायला जागा नव्हती. आता म्हातारीचे हात गेले, असं त्याने ठरवूनच टाकलं.

"तुझ्या सुतात आता जीव न्हाई," एकदा तो तिच्या तोंडावर म्हणाला. एरवी 'नाचता येईना अंगण वाकडं' असं सुनावून मोकळी होणारी बाई त्या दिवशी गप्प राहिली. खरं बोललेलं झोंबलं, असं त्याला वाटलं.

सून योगिता चहा घेऊन आली.

"हे तिचंच सूत हाय. मंग आता कावून तुटंना?"

एसी बंद आहे म्हणून, योगिता म्हणाली. खोली गार करता करता ते यंत्र हवेतला ओलावाही ओढून घेतं. बाहेरच्या नळीतून दिवसभर गळायचं ते पाणी त्याचंच. हवा कोरडी झाली की खळ लावलेलं सूत कडक होतं आणि तुटतं. सूत पहिल्यांदा तुटलं तेव्हाच भागवतने हे आईला सांगितलं होतं.

"तिला म्हाईत होतं?"

"होय, मामा."

"मला कावून सांगितलं न्हाई?"

योगिताने पदराने डोळे टिपले.

"आत्या म्हनल्या, सांगू नका. त्यांना कळलं तर माग गोठ्यात नेत्याल. मला त्यांचा माग जवळ पायजे. बोलले तर बोलू द्या."

सटवाने चहाला हात लावला नाही. चार महिने तो बोलत होता आणि ती ऐकून घेत होती, त्याने जवळ बसावं एवढ्यासाठी. त्याला फार लाज वाटली. डोळे भरून आले, ते त्याने पुसलेही नाहीत.

"खिडकी लाव," तो म्हणाला. "आन् मशीन चालू कर."

"मामा, सूत तुटंल."

"तुटू दे. बसतो मी गाठी मारत."