गाडी स्टँडवर होती

ज्योत्स्नाने पट्टी धरून टाइप केलेली एक ओळ खोडली, शेजारी सही केली आणि कागद ठाणेदारांकडे सरकवला. ओळ अशी होती : 'मधमाश्यांच्या हल्ल्याने तोल जाऊन सदर इसम मोटारसायकलवरून खाली पडला.' जबाब हवालदार ज्योत्स्नाचा होता. ही ओळ मात्र ठाणेदार ओमप्रकाश यांनी स्वतःहून घालून घेतली होती.

माणूस वाईट नव्हता. तिला वाचवायलाच सकाळपासून बसला होता.

बाहेर व्हरांड्यात कारंज्याचे किराणा व्यापारी हिरालाल बसले होते आणि त्यांच्या शेजारी त्यांची सून मयुरी. तीन आठवड्यांपूर्वी हिरालाल यांचा मुलगा धीरज मयुरीला मागे बसवून मोटारसायकलवरून हायवेने जात असताना त्याच्यावर मधमाश्या तुटून पडल्या होत्या. मधमाश्यांच्या विषाची त्याला जबर अ‍ॅलर्जी होती. मागे एकदा मरता मरता वाचला, तेव्हापासून डॉक्टरांनी औषध भरलेलं इंजेक्शन आणि ते कसं द्यायचं याची चिठ्ठी अशी डबी त्याच्या गाडीच्या डिकीत ठेवायला लावली होती. गस्तीवरची ज्योत्स्ना पोचली तेव्हा त्याचे ओठ सुजून काळे पडले होते आणि श्वासाची शिटी वाजत होती. अँब्युलन्सला पंचवीस मिनिटं लागणार होती. तिने चिठ्ठी वाचली, त्याच्या मांडीत सुई टोचली, त्याला पोलिसांच्या गाडीत घातलं. दवाखान्याच्या दारात तो गेला. सुई मिळायला उशीर झाला, असं तिथले डॉक्टर तोंडी म्हणाले. कागदावर काहीच म्हणाले नाहीत. हिरालाल यांची तक्रार होती की त्यांचा मुलगा मधमाश्यांनी नाही, पोलिसाच्या सुईने मेला.

ओमप्रकाश यांनी तिला कायदा समजावून सांगितला. रस्त्यावरच्या अपघातात मदत करणाऱ्याला स्पष्ट संरक्षण आहे, चांगल्या हेतूने केलं असेल तर त्याच्यावर खटला नाही की दावा नाही. पण मधमाश्या चावून माणूस रस्त्याच्या कडेला बसला, तर तो अपघात नव्हे. मग चांगला हेतू सिद्ध करत वर्षानुवर्षं फिरा. माणूस कशाने मरतोय हे आधी विचारून घेणारी ही कायद्याची माया ज्योत्स्नाला नवी होती. तिला राग आला आणि तो तिने लपवला नाही.

"एका ओळीचा सवाल हाय, ज्योत्स्ना," ओमप्रकाश म्हणाले. "अपघात लिवला तं तू मदत करणारी. नाई लिवला तं बिनडिग्रीची डॉक्टर. त्या पोराचं काय जाते आता?"

"साहेब, गाडी स्टँडवर होती."

"माहीत हाय मले."

"जीव जाऊन राह्यला होता तरी त्यानं गाडी कडेले घेतली. स्टँडवर लावली, बायकोले उतरवलं, आपला शर्ट काढून तिच्या डोक्यावर टाकला, मी गेली तवा तसाच होता. तिले चार माश्या चावल्या, त्याले चाळीस. अन् मी लिवू का, त्याले गाडी सांभाळता आली नाई म्हणून?"

निलंबन होईल, ते म्हणाले. होऊ द्या, ती म्हणाली. उद्या पुन्हा कोणी असं पडलं तर आपली पोरं आधी त्याची नाडी पाहतील की त्याची गाडी आडवी आहे का ते पाहतील, हे तिने त्यांना विचारलं. ओमप्रकाश यांनी बेल वाजवली आणि व्हरांड्यातल्या दोघांना आत बोलावलं.

जबाब वाचून दाखवला गेला. शर्टाची गोष्ट हिरालाल यांना ठाऊक नव्हती. ते वाक्य आलं तसा त्यांनी चष्मा काढला आणि बराच वेळ उपरण्याने पुसत राहिले. मुलगा असा गेला हे ऐकून त्यांचा राग निवायला हवा होता, तो वाढलाच.

"सुई घरची होती, बायको बाजूले होती," ते ज्योत्स्नाला म्हणाले. "मंग तुम्ही काऊन मारली?"

ज्योत्स्नाने जबाबात सगळं लिहिलं होतं, एवढं सोडून. ती पोचली तेव्हा डबी मयुरीच्या मुठीत होती. मूठ इतकी आवळलेली होती की ज्योत्स्नाला एकेक बोट उलगडावं लागलं होतं.

"डबी डिकीतच होती," ती म्हणाली. "मीच काढली. तुमच्या सूनबाईले इचारलं बी नाई."

सकाळपासून स्वतःसाठी एक ओळ खोटी लिहायला नकार देणारी बाई दुसरीसाठी सरळ खोटं बोलली, आणि तिचा आवाज जराही हलला नाही.

"लिवा साहेब," हिरालाल म्हणाले. "न इचारता मारली म्हणून लिवा."

ओमप्रकाश यांनी पेन उचललं. हे लिहिलं तर संपलंच, हे त्यांना कळत होतं. ते ज्योत्स्नाकडे पाहत राहिले. ती खिडकीबाहेर पाहत होती.

"डबी माह्या हातात होती," मयुरी म्हणाली.

गेल्या तीन आठवड्यांत ती कोणापुढे बोललेली नव्हती.

"डॉक्टरनं मले दोनदा शिकवलं होतं, बाबूजी. त्या दिवशी रस्त्यावर हे मले खुणेनं मांडी दाखवत होते. माहा हात उठला नाई. ह्या मॅडम आल्या तवा त्याइनं माही बोटं सोडवली."

हिरालाल उठले. त्यांनी सुनेकडे न बघता उपरणं खांद्यावर टाकलं आणि घरी चालायला सांगितलं. घरची गोष्ट घरात बोलू, म्हणाले.

मयुरीने टेबलापुढची रिकामी खुर्ची ओढली आणि ती बसली.

"तुम्ही घराकडे व्हा समोर," ती सासऱ्यांना म्हणाली, आणि ठाणेदारांकडे वळली. "कोरा कागद घ्या, साहेब."