सगळ्यात खालची फळी

मी एक जुनी फळी आहे. दारूच्या दुकानातली, आणि त्यातही सगळ्यात खालची. माझ्यात आणि लादीत जेमतेम वीतभर अंतर आहे. त्यामुळे मित्रांनो, मला माणसांचे चेहरे फारसे दिसत नाहीत. मला दिसतात बूट, गुडघे आणि पाठीमागे धरलेले हात. अशा जागी आयुष्य काढले की स्वभाव संशयी होतो. माझा तर तो मुळातच तसा होता.

माझी पहिली वर्षे तंबाखूच्या कोठारात गेली. पाने वाळावीत म्हणून तिथल्या फळ्यांमध्ये फटी ठेवतात. त्या फटीतून रस्त्यावर कोण आले, कोण गेले हे पाहण्याची सवय मला तिथेच लागली. पुढे कोठार पाडले. होबार्ट स्टिडम नावाच्या माणसाने आम्हा काही फळ्यांना रंधा मारून आपल्या नव्या दुकानात ठोकले. मला अगदी तळाशी जागा मिळाली. होबार्ट आणि त्याची बायको लोरेना यांचे हे दुकान ओढ्याच्या अलीकडे आहे. ओढ्यापलीकडची काउंटी, म्हणजे शेजारचा जिल्हा, कोरडी. तिथे दारू विकायला बंदी, पण प्यायला कोण बंदी करणार? शनिवारी पलीकडची माणसे टोपी डोळ्यांवर ओढून पूल ओलांडत आणि आत शिरताच आधी कोणी ओळखीचे आहे का ते बघत. ओळखीचे कोणी ना कोणी असायचेच. मग दोघेही आपण बर्फ घ्यायला आलो आहोत असे सांगत.

महागड्या बाटल्या डोळ्यांसमोर ठेवतात आणि स्वस्त बाटल्या पायांशी. माझ्यावर होबार्टने हेझल फोर्क नावाची व्हिस्की ठेवली. बारा डॉलरची बाटली, पण बॉन्डेड. बॉन्डेड म्हणजे काय, हे तो प्रत्येक नव्या गिऱ्हाइकाला सांगे. फार पूर्वी व्यापारी कच्च्या दारूत तंबाखूचे पाणी नाहीतर आलुबुखाराचा रस मिसळून तिला मुरलेली बर्बन, म्हणजे मक्याची व्हिस्की, म्हणून विकत. लोकांचा विश्वास उडाला, तेव्हा कायदा झाला. एकाच भट्टीत आणि एकाच हंगामात गाळलेली, निदान चार वर्षे सरकारी कुलपाखाली पिंपात मुरलेली, आणि भरताना बरोबर शंभर प्रूफची, म्हणजे निम्मा मद्यार्क आणि निम्मे पाणी, अशीच बर्बन बॉन्डेड म्हणवून घेऊ शकते. पुढे सरकारने गोदामांची कुलपे काढली, पण नियम तोच राहिला. संशयातून जन्मलेली ही बाटली माझ्यासारख्या फळीवर यावी, याचा मला मनातून अभिमान होता.

ही हेझल फोर्क आमच्या भागाबाहेर जातच नसे. आमच्या काही काउंट्या आणि नदीपलीकडे इंडियानातली दोन-चार दुकाने, एवढाच तिचा मुलूख.

तिचे सगळ्यात जुने गिऱ्हाईक म्हणजे नालबंद आर्विल टॅकेट. घोड्यांच्या पायाशी जन्म गेल्यामुळे त्याची पाठ कायमची वाकलेली. माझ्यासमोर सहज गुडघा टेकणारा तो एकटाच. त्याच्या कातडी एप्रनला जळलेल्या खुराचा वास येई. तो होबार्टचा मित्र. होबार्ट गेला तेव्हा दुकानाचे छप्पर त्यानेच दुरुस्त केले, आणि मी एका बाजूने कलले होते तर मला लोखंडी पट्टीही त्यानेच ठोकली. त्यावर हाताने थापटून तो म्हणाला होता, “लोरेना, ही फळी तुला आणि मला पुरून उरेल.” ती शाबासकी मी विसरलेले नाही. आर्विल महिन्याला एक बाटली नेई. घरी गेल्यावर ती लोणच्याच्या रिकाम्या बरणीत ओती आणि रात्रीच्या जेवणानंतर बोटभर घेई. त्याहून जास्त नाही.

मग बाहेरचे लोक येऊ लागले. स्वस्त आणि चांगली बॉन्डेड कुठे मिळते, याची चर्चा म्हणे सगळ्या देशात फोनवर चालते. दूरदूरच्या राज्यांच्या नंबरपाट्या लावलेल्या गाड्या दारात थांबत. पांढरे स्वच्छ बूट आत येत आणि माझ्यावरच्या सगळ्या बाटल्या खोक्यात भरून नेत. तिकडे ते चौपट भावाने विकतात, असे लोरेनाला कळले. तिने माणशी एकच बाटली असा नियम केला आणि परक्या पाटीची प्रत्येक गाडी खिडकीतून न्याहाळायला लागली.

वसंतात माल पुरवणाऱ्या कंपनीचा विक्रेता क्लिंट मॅबरी आला. त्याचे बूट इतके चकचकीत की त्यांत माझे प्रतिबिंब दिसे. एरवी तो कधी वाकत नसे. त्या दिवशी मात्र त्याने नवा माल स्वतः माझ्यावर लावला. माझ्या मनात तेव्हाच शंकेची पाल चुकचुकली. लोरेनाने विचारले, काही बदललेय का? तो म्हणाला, “बाटली तीच, किंमत तीच, लोरेनाबाई.” यात खोटे काहीच नव्हते, मित्रांनो. माझ्यापुरते म्हणाल तर मला बाटल्यांचे फक्त बूड दिसते. त्यांची तोंडे गिऱ्हाइकाकडे असतात.

त्यानंतर आर्विलचे वागणे पालटले. महिन्याला एक नेणारा माणूस आठवड्याला एक नेऊ लागला, मग दोन. गुडघा टेकून तो बाटली उजेडात धरी, जोरात हलवी आणि आतले बुडबुडे बघत बसे. झाकणाच्या कडेवरून नख फिरवी. कोणी आले की चटकन उठे. विचारले तर म्हणे, पाहुणे येणार आहेत. त्याच्याकडे कधी पाहुणे आलेले कोणी पाहिले नव्हते.

काउंटरमागची लोरेनाची चप्पल आता माझ्या दिशेला वळून उभी राही. त्यातच कोणीतरी तिला सांगितले की आर्विलच्या अंगणात ओहायोच्या पाटीची गाडी उभी होती. झाले. आर्विल बाटल्या बाहेरच्यांना विकतो आहे, हे तिच्या मनाने घेतले. खरे तर ती गाडी एका लंगड्या घोडीच्या मालकाची होती. पण तसे विचारायला हवे होते ना! तिने माझ्यावर एखादीच बाटली ठेवायला सुरुवात केली. आर्विल आला की ती उचलून आत नेई आणि “संपली” म्हणून सांगे.

एकदा ती आत गेली असताना मागच्या खोलीचे दार उघडे राहिले. आर्विल माझ्यासमोर टेकलेला होता. त्या उंचीवरून त्याला पिठाच्या पोत्यामागे हेझल फोर्कचे एक बंद खोके दिसले. तो हळूहळू उठला आणि निघून गेला.

दुसऱ्या दिवसापासून गिऱ्हाईक कमी झाले. पेट्रोल पंपाजवळच्या खानावळीत सकाळी पावासारखी मऊ बिस्किटे आणि रस्सा खायला सगळा गाव जमतो. तिथे आर्विलने सांगितले होते की लोरेना बाटल्यांत पाणी घालते आणि अस्सल माल मागे लपवते. होबार्टचाच मित्र म्हणतो म्हटल्यावर लोकांनी विश्वास ठेवला. पलीकडच्या काउंटीतली माणसे आता वरच्या पुलाजवळच्या दुकानात जाऊ लागली. दिवस दिवस माझ्यासमोर एकही बूट येत नसे. लादी पुसायचेही लोरेनाला सुचत नसे. माझ्यावर धूळ बसली आणि पट्टीला गंज धरला.

तिच्या कानावर ही गोष्ट घातली ती क्लिंटने, फार हळहळत. आणि त्याच दमात त्याने सुचवले की ही जुनी फळी काढून कंपनीची दिव्यांची मांडणी लावावी. लोकांचा विश्वास परत येईल. लोरेना त्याला इतकेच म्हणाली, की विचार करते. त्या दिवशी तिने दुकान लवकर बंद केले. कुलूप लावण्याआधी ती माझ्याजवळच्या स्टुलावर बराच वेळ बसून होती. तिच्या चपला अगदी स्थिर होत्या. चाळीस वर्षांच्या ओळखीचा माणूस आपल्याला चोर म्हणतो, याचे काय करायचे, ते बहुधा तिला कळत नव्हते.

नंतरच्या शनिवारी दुपारी मिनेसोटाच्या पाटीची गाडी थांबली. उंच, हाडकुळा, पिकल्या केसांचा माणूस आत आला. त्याचे नाव नेल्स ग्रोनवॉल्ड, हे आम्हाला मागाहून कळले. तो सरळ माझ्यापाशी आला आणि दोन्ही गुडघ्यांवर बसला. चष्मा कपाळावर चढवून त्याने बाटली नाकाशी धरली आणि वाचू लागला.

“एकच मिळेल,” लोरेना काउंटरवरून म्हणाली.

“एकही नको, बाई,” तो म्हणाला आणि बाटली जागेवर ठेवली.

तेवढ्यात दार उघडले आणि जळक्या खुराचा वास आत आला. आर्विलच्या हातात दोन उघडलेल्या बाटल्या आणि एक बरणी होती. त्याने ते सगळे काउंटरवर ठेवल्याचा आवाज मी ऐकला.

“बरणीतली जुनी आहे,” तो म्हणाला. “हलवून बघ. बुडबुडे मोठे येतात आणि लगेच फुटतात. तुझ्या बाटल्यांतले बारके आहेत, बसून राहतात. पाणी आहे यात. होबार्ट असता तर तुला लाज वाटली असती.”

“होबार्टचं नाव घेऊ नकोस. तू माझ्याकडून नेऊन ओहायोवाल्यांना विकतोस, आणि मला लाज शिकवतोस?”

“मी विकतो? मी एकेक बाटली तपासत होतो. वाटलं, एखादी तरी बरी निघेल, म्हणजे तुझ्यावरचा संशय तरी जाईल माझा.”

मला वाटते, आपण काय बोललो ते दोघांनाही त्याच वेळी ऐकू आले.

नेल्स अजून खालीच बसलेला होता. तो म्हणाला, “माफ करा, मी मध्ये बोलतोय. पाणी यात आहेच. पण ते हिने नाही घातलं. बनवणाऱ्या कंपनीनेच घातलंय. आता ही बॉन्डेड राहिलेलीच नाही. नव्वद प्रूफ. इथे कोपऱ्यात लिहिलंय.”

आर्विलने गुडघा टेकला. त्याचा चष्मा नेहमीप्रमाणे गाडीत होता, म्हणून नेल्सने आपला दिला. वर तोच ओढा, तेच झाड, तीच सोनेरी कमान. फक्त त्या कमानीत जिथे ‘बॉन्डेड’ होते, तिथे त्याच वळणाच्या अक्षरांत ‘बिलव्हेड’ लिहिले होते. म्हणजे लाडकी! इतकी वर्षे ती बाटली पाहणाऱ्या दोघांनी ती वाचायची सोडून दिली होती.

“मग मागचं खोकं?” आर्विलने जमिनीकडे बघत विचारले.

लोरेना आत गेली आणि खोके ओढत घेऊन आली. “बाहेरचे सगळं उचलून न्यायला लागले तेव्हा हे बाजूला काढलं. तुझ्यासाठी. मग मला वाटलं तूच विकतोयस. म्हणून नाही दिलं.”

खोक्यातल्या बाटल्यांवर ‘बॉन्डेड’ होते. आर्विलने एक हलवली. बुडबुडे मोठे आले आणि फुटून गेले. त्याने ती परत ठेवली, आणि हात बराच वेळ बाटलीवरच राहू दिला.

लोरेनाने त्यातली एक बाटली नेल्सला जुन्याच भावाने दिली. आर्विल पुटपुटला की परक्याला कशाला. ती म्हणाली, “हा वाकून वाचत होता, आर्विल. आपण दोघं एकमेकांकडे बघत होतो.”

पुढचे मला गिऱ्हाइकांच्या बोलण्यातून कळले. आर्विलने सोमवारी खानावळीत उभे राहून सगळ्यांसमोर सांगितले की चूक आपली आहे आणि लोरेनाचे दुकान सचोटीचे आहे. बोलताना त्याची टोपी हातात होती. बहुतेक गिऱ्हाईक परत आले, सगळे नाही. एक बाई अजूनही प्रत्येक बाटली हलवून नेते. एकदा उठलेली अफवा पुरती कधीच बसत नाही, हे मी पाहिले आहे.

क्लिंट पुन्हा आला तो त्या मांडणीचे चित्र घेऊन. लोरेनाने ते पाहिलेही नाही. “खाली बस,” ती म्हणाली. तो हसला. तिने पुन्हा तेच सांगितले. शेवटी त्याचा इस्त्रीचा गुडघा लादीवर टेकला आणि तिने त्याला पूर्ण लेबल मोठ्याने वाचायला लावले. नव्वद प्रूफपाशी त्याचा आवाज बारीक झाला. तो म्हणाला की आपण खोटे काही सांगितले नव्हते. ती म्हणाली, “तेच तर म्हणते मी.”

नेल्सने जाताना एका दुसऱ्या स्वस्त बॉन्डेडचे नाव सांगितले होते. ती फक्त उत्तरेकडच्या काउंट्यांत मिळते. आर्विल घोड्यांच्या कामाला तिकडे जातो, म्हणून दुकानांत चौकशी त्याने केली, आणि लोरेनाने दुसऱ्या विक्रेत्याकडून ती मागवली. आता ती माझ्यावर उभी आहे. नवे खोके आले की लोरेना आणि आर्विल दोघे माझ्यासमोर टेकतात. चष्मा आता आर्विलच्या खिशात असतो. तो वाचतो, ती ऐकते आणि मग तीही वाचते, कारण तिचा त्याच्या डोळ्यांवर भरवसा नाही.

मित्रांनो, संशय सोडा असे मी कसे सांगू? मी स्वतः अजून प्रत्येक बुटाकडे संशयानेच बघते. फक्त एवढेच सांगते. माणसावर संशय उभ्या उभ्या घेता येतो, त्याला काही कष्ट पडत नाहीत. वस्तूवर घ्यायचा तर वाकावे लागते, चष्मा लावावा लागतो. तुमच्या घरी, तुमच्या दुकानातही माझ्यासारखी एखादी तळची फळी असेल. तिच्यावरची धूळ पुसा. आणि आलाच आहात तिथवर, तर जरा गुडघे टेका.