सैदीनची सोंगकोक

"तोक, आधी डोक्यावरची काढा!" हॉटेलच्या खोलीत सैदीनचं पाऊल पडताच आमदार कमरुल म्हणाले.

सैदीनने आपली काळी मखमली सोंगकोक काढून दिली. राजवाड्यात सुलतानांपुढे बोडक्याने जाता येत नाही, आणि कमरुलसाहेबांचं डोकं एवढं मोठं की बाजारातली एकही टोपी बसेना. त्या मापाचं दुसरं डोकं सैदीनचंच. फोन आला तसा बिचारा साठ किलोमीटर मोटारसायकल हाकत आला होता.

"मंत्री करतायत का, वायबी?" सैदीनने विचारलं. आमदारांना सगळे आदराने 'वायबी'च म्हणत.

"तसंच समजा," आरशात बघत कमरुल म्हणाले.

सैदीनची छाती फुगली. अकरा वर्षं तो गावप्रमुख, म्हणजे गावाचा 'तोक' होता. गेल्या निवडणुकीत दारोदार फिरून त्याने सांगितलं होतं, "हा माणूस पक्ष सोडणार नाही. माझा शब्द!"

कमरुल राजवाड्यात गेल्यावर सैदीन खालच्या टपरीत चहा पीत होता, तेवढ्यात टीव्हीवर बातमी आली. एका आमदाराच्या बहुमतावर तगलेलं सरकार पडलं होतं. कमरुल विरोधकांना जाऊन मिळाले होते, तसं सुलतानांना समक्ष सांगूनही आले होते. ना मतदान, ना मतपेटी. एक माणूस उठून पलीकडे बसला आणि राज्य बदललं. त्या माणसाच्या डोक्यावर सैदीनची सोंगकोक होती. चहा अर्धाच टाकून तो मोटारसायकलकडे वळला.

शुक्रवारी मशिदीबाहेर कोणीतरी म्हणालंच, "तोक, तुमचा शब्द टीव्हीवर पाहिला हो. डोक्यावर झकास बसला होता!"

महिन्याभरात नव्या सरकारने जुने सगळे गावप्रमुख काढले. सैदीनच्या जागी जलील आला. निवडणुकीत कमरुलसाहेबांचेच फलक फाडणारा जलील दारात उभा राहून म्हणाला, "शिक्का द्या. आणि हे वायबींनी पाठवलंय."

पिशवीत सोंगकोक होती.

"काही म्हणाले?"

"म्हणाले, जरा घट्ट होती."

सैदीनने शिक्का पुसून दिला.

दुसऱ्या दिवशी म्हातारी सोम निराधार मदतीचा अर्ज घेऊन आली. सवयीने सैदीनचा हात शिक्क्याच्या खणाकडे गेला आणि तिथेच थांबला.

"आता जलीलकडे जायचं, आजी."

"तो मारील का शिक्का? तुझ्या शब्दावर मत दिलं रे मी. सगळ्या गावाला ठाऊक आहे."

सैदीन तिच्या हातातला अर्ज घेऊन निघाला.

"अहो, सोंगकोक राहिली," बायको आतून म्हणाली.

"राहू दे."

जलीलच्या पायरीशी त्याने चपला काढल्या. उन्हात पाचसहा माणसं उभी होती. म्हातारीला सावलीत बसवून तो बोडक्यानेच रांगेच्या शेवटी उभा राहिला.