तिलिलाच्या अंगावरचे शब्द

"नाक कुठंय?" डॉक्टरांनी तिसऱ्यांदा अरबीत विचारलं. तिलिला त्यांच्या तोंडाकडे बघत राहिली.

माझी तीन वर्षांची मुलगी नाक, कान, हात, काहीच दाखवेना. "ऐकू कमी येतं की समजच मंद आहे, बघावं लागेल," ते म्हणाले आणि कागदावर काहीतरी लिहिलं. पुढे तिला अरबी शाळेत घालायचं, म्हणून सहा महिने मी तिच्याशी अरबीच बोलत होते. सासूबाईंनाही बजावलं होतं, घरात पोरीशी आपली अमाझिग भाषा बोलू नका. आणि पोर गप्पच होत गेली.

दाराशी बसलेल्या सासूबाई उठल्या. "मी विचारू?"

"विचारा, लल्ला," मी म्हणाले. सासूबाईंना मी मानानं असंच म्हणते.

"तिलिला, अम्झुग कुठंय गं?"

तिलिलाने कान धरला. 'इल्स' म्हणताच जीभ काढली, तीही थेट डॉक्टरांना. अफुस, हात. अफुद, गुडघा.

"आणि तासा?"

तिने झगा वर करून उजव्या बरगडीखाली तळवा ठेवला.

"काळीज, म्हणजे यकृत?" डॉक्टर पुढे झुकले. "हे कुणी शिकवलं?"

"ईदच्या मेंढ्यानं. मी पोट उघडून एकेक काढते, नाव घेते, पोरं आपापल्या अंगावर दाखवतात. बरोबर दाखवेल त्याला भाजलेल्या काळजाचा पहिला तुकडा."

"लल्ला, तुम्ही मला कबूल केलं होतं."

"तू घरात म्हणालीस, बाई. मेंढा अंगणात कापतात."

डॉक्टर हसले. "पण इल्स म्हणजे आमच्या अरबी 'लिसान'चंच मोडकं रूप, नाही का?"

एरवी मी मान डोलावली असती. पण कॉलेजात याच शब्दांचा मी वर्षभर अभ्यास केला होता. "नाही, डॉक्टर. फार तर जुने चुलतभाऊ असतील. बाजारातले कितीतरी शब्द आम्ही तुमच्याकडून घेतले. जीभ आणि हात मात्र आमचेच. दूर पूर्वेकडच्या सिवाच्या खजुरबागांपासून सहारातल्या तुआरेग टोळ्यांपर्यंत आमची माणसं थोड्याफार फरकानं हेच शब्द बोलतात."

माझा आवाज जरा चढलाच होता. सासूबाई माझ्याकडे बघत होत्या, जणू मीही काही बरोबर दाखवलं होतं.

डॉक्टरांनी कागदावरचं एक वाक्य खोडलं. कानांची तपासणी मात्र मी करून घेतलीच. कान ठणठणीत निघाले.

"नाकाला काय म्हणता?" निघताना त्यांनी विचारलं.

"तिन्खार," मी सांगितलं.

ते तिलिलाकडे वळून तसं म्हणाले. तिने मान हलवली, असं नाही म्हणत. त्यांना तीनदा म्हणायला लावलं, आणि मगच नाकावर बोट ठेवलं.