शोभेचं तोंड

वहिनींनी पहिल्यांदा सशाचे दात घासून बेताचे केले, तेव्हा त्यांना त्यात काही वावगं वाटलं नव्हतं. उलट बरंच वाटलं. दाताच्या दवाखान्यात मदतनीस म्हणून त्यांची निम्मी हयात गेली होती. पेशंटच्या तोंडात नळी धरायची, हत्यारं उकळायची, घाबरलेल्याच्या खांद्यावर हात ठेवायचा. घरी या कामाचं कौतुक कधी कुणाला नव्हतं. त्या दिवशी मात्र नवरा म्हणाला, "तुझ्या हाताला काय वळण आहे गं! ससा हललासुद्धा नाही."

नवऱ्याला गल्लीत सगळे कपवाले म्हणत. रंगाच्या गोदामात ते स्टोअरकीपर होते, आणि तिथे त्यांना कुणी नावानंही हाक मारत नसे. "ओ स्टोअर, दोन डबे काढा," एवढंच. घरी मात्र बाहेरच्या खोलीत फळीभर कप होते, सगळे सशांच्या प्रदर्शनात मिळालेले. शेजारी आले की म्हणत, "तुमच्याकडे कितीही पाहुणे येऊ देत, कप काही कमी पडायचे नाहीत!" कपवाले दरवेळी पहिल्यांदाच ऐकल्यासारखे हसत.

ससे मागच्या गॅलरीत असत. बुटक्या जातीचे, गोल डोक्याचे, बोटभर कानांचे. परीक्षकांना तोंड जितकं चपटं तितकं आवडे, म्हणून ज्या पिल्लाचं नाक सगळ्यांत आत, तेच कपवाले ठेवून घेत. मग त्याची जोडी लावत. बाप-लेक, भाऊ-बहीण असं काही बघत नसत. "जनावरात कुठे नाती असतात?" म्हणत. प्रत्येक वेतात एखाददुसरं पिल्लू नखाएवढं, नुसत्या डोक्याचं निघे आणि आठवडाही काढत नसे. त्याला ते 'दाणा' म्हणत. दाणे वर्तमानपत्रात गुंडाळून टाकायचं काम वहिनींकडे होतं.

सशाचे दात नखांसारखे जन्मभर वाढतात. वरचे खालच्यांवर घासले की आपोआप झिजतात. पण तोंड चपटं करत नेलं की वरचा जबडा आत जातो, दातांची गाठच पडत नाही. मग खालचे ओठाबाहेर येतात आणि वरचे आत वळून टाळूत रुततात. प्रदर्शनाच्या नियमाप्रमाणे असा ससा बाद. म्हणून वहिनींनी दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंकडून एक जुनं, बाजूला पडलेलं घासायचं यंत्र मागून आणलं होतं. सशाला टॉवेलमध्ये गुंडाळायचं, जीभ वाचवायला दातांमागे लाकडी पट्टी धरायची, आणि दात बेताचे करून द्यायचे. आधी एकाच सशाचे घासावे लागत. मग तिघांचे. बाहुली जन्मली तोवर गॅलरीतल्या प्रत्येकाचे.

बाहुली ही कपवाल्यांची आजवरची सगळ्यांत देखणी सशीण. राखाडी, गुबगुबीत, समोरून बघितलं तर तान्ह्या बाळासारखं तोंड. पहिल्या वर्षातच तिनं कप आणला. त्यानंतर थोड्याच दिवसांत तिच्या डाव्या डोळ्यातून पाणी गळायला लागलं. आधी साधं, मग दुधासारखं. गालावरचे केस चिकटून जात. वहिनी कोमट पाण्यानं पुसत, की दुपारी पुन्हा तेच.

शेवटी दोघं तिला जनावरांच्या डॉक्टरांकडे घेऊन गेले. त्यांनी कवटीचा फोटो काढला आणि उजेडावर धरला.

"दात कोण घासतं?"

"मी," वहिनी म्हणाल्या.

"हात चांगला आहे तुमचा. पण बाई, दुखणं दातात नाहीच. दातांच्या मुळांना या डोक्यात जागाच नाही. ती वर डोळ्याकडे घुसलीत. पाणी वाहून जायची वाट बुजली, म्हणून डोळा गळतोय."

"औषध?" कपवाल्यांनी विचारलं.

"डोळ्याला थेंब देतो. तोंडाला औषध नाही. आमच्यापुढे रोज अशीच येतात आता. एक करा, हिची पिल्लं काढू नका."

"छे छे, काढणार नाही," कपवाले म्हणाले. बाहेर आल्यावर टोपली दुसऱ्या हातात घेत म्हणाले, "गाईम्हशींचा डॉक्टर तो. त्याला शोभेचं काय कळणार?"

वहिनींनी ते बोलणं मनावर घेतलं नाही. पण महिना उलटल्यावर एका सकाळी त्या पाणी बदलायला गॅलरीत गेल्या, तर बाहुली छातीचे केस दातांनी उपटून कोपऱ्यात रचत होती. सशीण व्यायला आली की असंच घरटं करते. दात नीट लागत नव्हते, त्यामुळे केस धड उपटतही नव्हते. बिचारी ओढत होती आणि थांबत होती.

"कुणाबरोबर सोडलंत हिला?" वहिनींनी विचारलं.

कपवाले दाढी करत होते. "तिच्या बापाबरोबर. नाक बघ कसं येतंय ते."

चार पिल्लं झाली. दोन दाणे होते. तिसरं दूधच पिईना. उरली ती एक मादी, आणि तिचं नाक खरोखरच आईपेक्षा आत होतं. कपवाले तिला तळहातावर घेऊन घरभर फिरले. आठवड्याभरात वहिनींनी तीन पुड्या बांधल्या.

बाहुली सावरल्यावर मोठं प्रदर्शन आलं. दात घासले नाहीत तर तिला खाताच येत नसे, म्हणून वहिनींनी ते घासले. त्या प्रदर्शनालाही गेल्या. बरोबर नणंद होती. तिला भावाचा भारी अभिमान. दरवर्षी नवी साडी नेसून, थर्मास घेऊन ती पहिल्या रांगेत बसायची.

हॉलमध्ये पिंजऱ्यांवर पिंजरे रचले होते. लाउडस्पीकर कोकलत होता. लोक जाळीतून बोटं घालून "ए, इकडे बघ ना" करत होते. आणि लपायला कुठे जागा नसल्यानं ससे आपले पाठीमागच्या जाळीला चिकटून बसले होते. बाहुलीनं सकाळपासून पाल्याला तोंड लावलं नव्हतं.

टेबलावर सतरंजीचा तुकडा अंथरला होता. पांढरा डगला घातलेल्या परीक्षकांनी बाहुलीला उचललं, पाठीवरून हात फिरवला, आणि उताणी केली. पोट वर येताच ती निपचित पडली.

"काय गुणी आहे!" कुणीतरी म्हणालं. "हूं की चूं नाही."

वहिनींना दवाखान्यातली खुर्ची माहीत होती. तिच्यावर जी माणसं सगळ्यांत गप्प पडून राहतात, तीच आतून सगळ्यांत भेदरलेली असतात. बाहुलीच्या पोटावरचे केस इतके भराभर हलत होते की बघवत नव्हतं.

परीक्षकांनी अंगठ्यानं तिचा ओठ वर केला. "दात उत्तम," ते लिहून घेणाऱ्याला म्हणाले.

"उत्तम नाहीत," वहिनी म्हणाल्या.

आवाज आपलाच आहे हे त्यांना जरा उशिरा कळलं.

"मी घासलेत ते काल. तिचे दात जुळत नाहीत, जन्मापासून नाहीत. तुमच्या नियमात ती बाद होते. तो डोळाही बघा."

कपवाले टेबलाच्या पलीकडे उभे होते. त्यांचा चेहरा भरबाजारात कुणी पगडी उडवावी तसा झाला. नणंदेनं पदर तोंडाला लावला.

परीक्षक रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. शाळेतल्या पोराला समजवावं तसे ते म्हणाले, "बाई, माझ्यासमोर टेबलावर जे आहे, त्याला मी गुण देतो. काल काय होतं आणि महिन्यानं काय होईल, ते बघायला बसलो तर या हॉलमध्ये कप द्यायला ससा उरायचा नाही. आणि डोळ्याचं म्हणाल, तर प्रवासात धूळ जाते."

लोक हसले. बाहुलीला पहिला कप मिळाला.

त्यानंतर जे झालं, त्याला वहिनींची तयारी नव्हती. त्या पाण्याच्या नळाशी हात धूत होत्या, तेव्हा एक जाडसर गृहस्थ दोन्ही हातांत टोपल्या घेऊन जवळ आले. वहिनींना वाटलं, भांडणार.

"वहिनी, कसलं यंत्र वापरता हो?" त्यांनी हळूच विचारलं. "आम्ही पक्कडीनं तोडतो. कधीकधी दात उभा चिरतो. तुमचं काम बघितलं मी, काहीच कळत नाही. आमचे दोन बघाल का? घेण्यादेण्याचं काही अडणार नाही."

त्यांच्या मागे एक बाई उभी होती, तिच्या मागे आणखी एक जोडपं. सगळ्यांच्या कडेवर टोपल्या. वहिनी ओले हात तसेच घेऊन बाहेर निघून आल्या.

परतताना नणंद म्हणाली, "वहिनी, घरातलं असं चव्हाट्यावर मांडतात का? माहेरचं माणूस आहे ते माझं."

कपवाले घरी आले. कप फळीवर ठेवून मग म्हणाले, "जगात मला एकच गोष्ट धड येते. तीही तुला खुपली?"

त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं. वहिनी एवढंच म्हणाल्या, "यापुढे मी दाताला हात लावणार नाही." दुसऱ्या दिवशी त्यांनी यंत्र दवाखान्यात परत नेऊन ठेवलं. त्यांचा हिशेब सरळ होता. दात वाढतील, ससे बाद होतील, नाद सुटेल.

नाद सुटला नाही. कपवाल्यांनी नखं कापायचं कटर घेतलं. वहिनी कामावरून आल्या तेव्हा बाहुली पाल्याचं पान तोंडात घेत होती आणि टाकत होती. पुन्हा घेत होती, पुन्हा टाकत होती. हनुवटी लाळेनं भिजली होती. वरचा एक दात हिरडीपर्यंत उभा चिरला होता.

"मी हळूच धरलं होतं गं," कपवाले म्हणाले. हातातलं कटर त्यांनी अजून खाली ठेवलं नव्हतं. "खरंच हळू धरलं होतं."

डॉक्टरांनी पुढचे सगळे दात काढून टाकले. दुसरा इलाजच नव्हता. पुढचे काही दिवस कपवाल्यांनी गोदामातून रजा घेतली. पाला बारीक चिरून, वाटून, सुई नसलेल्या सिरिंजनं ते तिला भरवत. मांडीवर घेऊन बसत, तिच्या कपाळावरून बोट फिरवत. त्या माणसाचा त्या जिवावर जीव नव्हता असं कुणी म्हणू शकलं नसतं. वहिनींना वाटलं, चला, अद्दल तरी घडली.

बाहुली आपणहून चिरलेला पाला खायला लागली, त्या दिवशी कपवाले खुशीत म्हणाले, "आता वजन धरेल. टेबलावर नाही ठेवता येणार, पण पिल्लं व्हायला दात कुठे लागतात?"

वहिनींनी हातातली सुरी खाली ठेवली. आठवडा संपायच्या आत त्यांनी दवाखान्यातून सुट्टी घेतली, बाहुलीला टोपलीत घालून डॉक्टरांकडे नेलं, आणि तिचं ऑपरेशन करून आणलं. आता तिला पिल्लं होणार नव्हती.

कपवाल्यांना पोटावरचे टाके दिसले. ते टोपलीपाशी उकिडवे बसले.

"मला विचारायचं होतंस."

"विचारलं असतं तर हो म्हणाला असतात?"

ते उठले आणि आत गेले. त्यानंतर घरात कामापुरतं बोलणं राहिलं. चहा झाला. दार लाव. वीज गेली.

पण गॅलरीत बाहुलीची लेक वाढत होती, आणि तिचे दातही. कपवाले तिला त्या जाडसर गृहस्थांकडे नेऊ लागले. तिथून आली की ती पिंजऱ्याच्या कोपऱ्यात तोंड खुपसून बसे, हात लावला की दचके, पाल्याला शिवत नसे. एकदा तिच्या ओठाला पक्कडीचा चिमटा बसलेला होता. वहिनी बघत, आणि आपल्या कामाला लागत. आपण सुरुवात केली तर हे कधी थांबणार नाही, हे त्या स्वतःला पुन्हा पुन्हा बजावत.

एका रविवारी नणंद आली. गॅलरीत जाऊन आली आणि स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिली. तिचे डोळे भरले होते.

"दादा सोडणार नाही हो हे. मी त्याला लहानपणापासून ओळखते. तुम्हाला पटत नाही, मला कळतं. पण वहिनी, हट्ट तुमचा आणि ओठ फाटतोय तिचा. हे कुठलं पुण्य?"

प्रदर्शनात वहिनी जीव तोडून बोलल्या तेव्हा हॉलमधलं कुणी हललं नव्हतं. आणि इथे घरातलं एक भोळं माणूस चार शब्द बोललं, तर ते वर्मी लागलं. कारण लेक खरोखर उपाशी होती. आज, आत्ता, मागच्या गॅलरीत.

सोमवारी त्यांनी डॉक्टरीणबाईंकडून यंत्र पुन्हा मागून घेतलं. संध्याकाळी टॉवेल, लाकडी पट्टी, सगळं टेबलावर मांडलं. कपवाल्यांनी लेकीला आणून दिलं आणि न सांगता दिवा जवळ धरला. काम झाल्यावर तिनं पान तोंडात घेतलं आणि खाल्लं. देठासकट खाल्लं. कपवाल्यांनी वहिनींकडे बघितलं. त्या नजरेत आभार होते. वहिनींना ते आभार सहन झाले नाहीत, त्या तोंड धुवायला गेल्या.

त्या वर्षीचा पहिला कप लेकीला मिळाला. वहिनी गेल्या नव्हत्या. कपवाले परत आले तेव्हा त्या बाहुलीसाठी पाला चिरत बसल्या होत्या. फळीवर जागा करायला कपवाल्यांनी जुने कप जरा मागे सारले, आणि किती दिवसांनी आपणहून बोलले.

"परीक्षक म्हणाले, असं तोंड त्यांनी आजवर बघितलं नाही." मग जरा थांबून, टोपलीचं झाकण उघडत म्हणाले, "पुढच्या महिन्यात दात पुन्हा वाढतील, नाही का?"

"वाढतील," वहिनी म्हणाल्या.